मानेतली सुई

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘आरोग्यावर काहीतरी बोल’ असं सांगितलं तेव्हा त्यांच्या डोक्यात दात होते. साहजिकच आहे, १९८८ पासून मी लोकांच्या तोंडात डोकावते आहे. पण जेवणानंतरच्या सत्रात दातांवर बोलायला लागले असते, तर तुम्ही सगळे तोंड घट्ट मिटून बसला असतात. म्हणून मी आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मागे जाऊन पाहिलं, की वर्षभरात तब्येतीच्या कुठल्या तक्रारी सगळ्यांत जास्त आल्या. गुडघे पहिले, मान दुसरी. गुडघ्यांचा समाचार आपल्या अस्थितज्ज्ञ मित्राने सकाळीच घेतला. मान माझ्या वाट्याला आली. कारण मानेचं ऑपरेशन झालेली, त्यानंतरही मान दुखत राहिलेली आणि त्यासाठी मणक्यात इंजेक्शनं घेतलेली अशी ग्रुपमध्ये मी एकटीच निघाले. हा मान मला नको होता, पण मिळाला.

एक गोष्ट आधीच सांगते. मी वेदनातज्ज्ञ नाही. दंतवैद्य आहे आणि पेशंट आहे. त्यामुळे मी जे सांगणार आहे त्यातलं काही वाचलेलं आहे, काही माझ्या डॉक्टरांनी समजावलेलं आहे आणि काही स्वतःच्या मानेवर सोसलेलं आहे. कुठलं कुठलं ते मी सांगत जाईन.

आमच्या धंद्यात मान जाणारच, हे कॉलेजातच कुणीतरी सांगतं आणि तेव्हा कुणीही ऐकत नाही. पेशंटचा वरचा अक्कलदाढेचा दात बघायचा म्हणजे मान उजवीकडे कलती करून, पुढे काढून वीस-वीस मिनिटं तशीच धरायची. दिवसाला दहा-बारा पेशंट. मला २०१५ च्या सुमारास उजव्या अंगठ्याला आणि पहिल्या बोटाला मुंग्या यायला लागल्या. पुढे दंडातून करंट गेल्यासारखी कळ. २०१७ मध्ये हातातला आरसा पेशंटच्या छातीवर पडला, तेव्हा एमआरआय झाला. पाचव्या आणि सहाव्या मणक्यामधली गादी मागे सरकून उजव्या शिरेवर बसली होती.

इथे एक शब्द साफ करून घेऊ. आपल्याकडे सगळे म्हणतात, ‘मणक्यात गॅप आलाय.’ प्रत्यक्षात होतं उलटं. दोन मणक्यांमधली गादी झिजते, चपटी होते, आणि असलेली गॅप कमी होते. मणके जवळ येतात, मागचे छोटे सांधे एकमेकांवर घासतात, शिरेची वाट अरुंद होते. पन्नाशी ओलांडलेल्या बहुतेकांच्या एमआरआयमध्ये यातलं काहीतरी दिसतंच, आणि त्यातल्या पुष्कळांना काहीही होत नसतं. म्हणून ग्रुपवर रिपोर्टचे फोटो टाकून ‘किती सिरियस आहे?’ असं विचारू नका. फोटोला दुखत नाही.

माझं ऑपरेशन समोरून झालं, गळ्याच्या बाजूने. खराब गादी काढून टाकायची, तिच्या जागी छोटा पिंजरा बसवायचा, वरून पट्टी आणि स्क्रू, आणि काही महिन्यांत ते दोन मणके एकमेकांना जुळून एकच हाड व्हायचं. १९५० च्या दशकात अमेरिकेत रॉबिन्सन-स्मिथ आणि क्लॉवर्ड यांनी ही पद्धत रूढ केली, आणि आजही जगभर मानेसाठी सर्वांत जास्त होणाऱ्या ऑपरेशनांपैकी ती एक आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी जागी झाले तेव्हा हातातली कळ गेली होती. गेली म्हणजे गेलीच. आजपर्यंत परत आलेली नाही. हे मी मुद्दाम ठासून सांगते, कारण पुढचं ऐकून कुणी ‘ऑपरेशन करूच नये’ असा निरोप घरी नेऊ नये. ज्यांच्या मज्जारज्जूवर दाब आहे, ज्यांना शर्टाची बटणं लावता येत नाहीत, चालताना तोल जातो, लघवीवरचा ताबा सुटतो, त्यांनी इंजेक्शनाचा विचारसुद्धा करत बसायचं नाही. सरळ सर्जनकडे जायचं.

पण हे ऑपरेशन मुख्यतः हाताच्या दुखण्यासाठी आणि मज्जारज्जूसाठी आहे. निव्वळ मानेच्या दुखण्यावर त्याचा तेवढा भरवसा देता येत नाही, आणि माझ्या सर्जननी ते आधीच सांगितलं होतं. झालंही तसंच. सात-आठ महिन्यांनी मानेच्या उजव्या बाजूला, मान आणि खांदा मिळतात त्या कोपऱ्यात, एक दुखणं सुरू झालं. ते जुन्या कळेसारखं नव्हतं. आत कुणीतरी अंगठा रोवून ठेवल्यासारखं. संध्याकाळी जास्त, वर बघताना जास्त, उजवीकडे वळताना जास्त. गाडी रिव्हर्स घेणं बंद झालं.

आता ज्यांनी हे सोसलंय त्यांना ठाऊक असेल, की या काळात दुखण्यापेक्षा त्रासदायक असतं ते लोकांचं ‘आता काय?’ ऑपरेशनच्या आधी सगळे हळहळतात. डबे येतात. ऑपरेशन झालं, टाके निघाले, की दुखण्याची मुदत संपली असं घरातले, नातेवाईक, पेशंट, सगळे धरून चालतात. ‘ऑपरेशन झालं ना? मग?’ या ‘मग?’ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. डॉक्टरी भाषेतही या अवस्थेला फार वर्षं वाईट नाव होतं, कंबरेच्या बाबतीत तर थेट ‘फेल्ड बॅक सर्जरी सिंड्रोम’. म्हणजे पाठ नापास! वाचणाऱ्याला वाटावं, एकतर सर्जन नापास किंवा पेशंट. अलीकडे तज्ज्ञांनी ते नाव टाकून ‘पर्सिस्टंट स्पायनल पेन सिंड्रोम’ असं नाव सुचवलंय, टिकून राहिलेलं मणक्याचं दुखणं. मला ते बरं वाटलं. आपल्या गणिताच्या सरांनीसुद्धा प्रगतिपुस्तकावर ‘नापास’ न लिहिता ‘प्रयत्न हवा’ लिहिलं असतं, तर आपल्यातल्या काहींची दिवाळी बरी गेली असती.

तर अशा टिकून राहिलेल्या दुखण्याची कारणं बरीच असतात. मणके जुळलेच नाहीत, असं होऊ शकतं. शीर अजून कुठेतरी दाबलेली असू शकते, किंवा फार दिवस दाबली गेल्यामुळे कायमची दुखावलेली असू शकते. क्वचित जंतुसंसर्ग. कधी दुखणं मानेचं नसतंच, खांद्याचं असतं. आणि एक कारण, जे माझ्यासारख्यांत बऱ्याचदा असतं: जुळलेल्या मणक्यांच्या वरच्या आणि खालच्या सांध्यांवर जास्तीचा भार येतो. दोन मणके एक झाले की त्यांची हालचाल शेजाऱ्यांना करावी लागते. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात या ऑपरेशननंतर दर वर्षी साधारण तीन टक्के लोकांना शेजारच्या मणक्याचा नवा त्रास सुरू झाला होता. दहा वर्षांत जवळजवळ चौघांत एकाला. हे ऑपरेशनमुळे होतं की झीज आपल्या वाटेनं चाललेलीच असते, यावर डॉक्टरांचे वाद आहेत, आणि ते आपल्या हयातीत मिटतील असं दिसत नाही.

माझे मणके नीट जुळले होते, सीटी स्कॅनमध्ये दिसलं. वरच्या गादीला, म्हणजे चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये, थोडा फुगवटा होता. मी दुसऱ्या शहरात एका मोठ्या सर्जनचं मत घेतलं. त्यांनी पाच-सात मिनिटांत सांगितलं, वरचीही गादी काढू, पट्टी लांब करू. पुढच्या महिन्याची तारीख देऊ केली. तेव्हा मी चोपन्न वर्षांची होते. दवाखान्याच्या नव्या खुर्चीचं कर्ज फिटायला तीन वर्षं होती, मुलगी शेवटच्या वर्षाला होती. आणखी एक सांधा बांधला, की मान त्या प्रमाणात कमी वळणार आणि भार त्याच्याही वरच्या सांध्यावर जाणार, हे गणित मला कळत होतं. दुसरीकडे, हे दुखणं घेऊन दिवसाला चार पेशंटसुद्धा होत नव्हते. सहा आठवडे मी काहीच ठरवलं नाही. मग माझ्या मूळच्या सर्जननी एका वेदनातज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. त्या मूळच्या भूलतज्ज्ञ.

त्यांनी मला जो प्रश्न विचारला, तो मी रोज माझ्या पेशंटना विचारते: ‘नेमकं कुठे?’ बोट ठेवून दाखव. मग त्यांनी एक आकृती दाखवली. मानेच्या मागे, प्रत्येक मणक्याच्या दोन्ही बाजूंना, लहान लहान सांधे असतात. त्यांना फॅसेट सांधे म्हणतात. त्यातला प्रत्येक सांधा दुखला, की दुखणं आपल्या ठरलेल्या जागी जाणवतं. सगळ्यात वरचा दुखला, तर डोक्याच्या मागे, आणि लोक त्याला मायग्रेन समजतात. खालचा दुखला, तर खवाट्यावर. माझ्या कोपऱ्याचा पत्ता चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या सांध्याचा होता. त्या म्हणाल्या, ‘पण आकृतीवर विश्वास ठेवून पुढे जायचं नाही. आधी सिद्ध करू.’

आता हे सिद्ध करण्याचं तंत्र ऐका, कारण माझ्या मते आजच्या भाषणातली हीच सगळ्यात कामाची गोष्ट आहे. आमच्याकडे असा पेशंट नेहमी येतो, की ज्याचा सगळा जबडा दुखतो आणि नेमका दात सांगता येत नाही. तिथे तीन दात संशयित असतात. मग आम्ही एका दाताजवळ थोडं बधिरीकरण देऊन थांबतो. दुखणं थांबलं, तर चोर सापडला. नाही थांबलं, तर पुढचा दात. मानेच्या इंजेक्शनांत जे चांगलं काम आहे, ते नेमकं हेच आहे. त्या सांध्याची संवेदना ज्या बारीक शिरांतून मेंदूकडे जाते, त्या शिरांपाशी बधिरीकरणाचे दोन-चार थेंब सोडायचे आणि दुखणं जातं का ते बघायचं. याला मेडियल ब्रँच ब्लॉक म्हणतात. एका सांध्याला दोन शिरा, म्हणून दोन टोचण्या. प्रत्येक ठिकाणी फक्त ०.३ ते ०.५ मिली औषध. मी दात काढताना याच्या तिप्पट-चौपट भरते. थोडंच का? कारण जास्त भरलं, तर ते शेजारी पसरतं आणि मग कोण चोर ते कळत नाही.

हे सगळं सी-आर्मखाली, म्हणजे चालू एक्स-रेच्या पडद्यावर बघत करतात. मी कुशीवर झोपले होते. गुंगी दिली नव्हती, कारण गुंगीत दुखणं गेलं, तर ते औषधानं गेलं की गुंगीनं, हे कसं सांगणार? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘मुंगी चावल्यासारखं वाटेल.’ आयुष्यभर हेच वाक्य मी लोकांना ऐकवत आले आहे. सांगते, मुंगी नव्हती. मुंगळा होता. पण दहा मिनिटांत संपलं.

खरी परीक्षा नंतर होती. घरी जाऊन झोपून राहायचं नाही, उलट जे केल्यावर दुखतं ते मुद्दाम करायचं आणि दर अर्ध्या तासाने दहापैकी किती दुखतंय ते कागदावर लिहायचं. मी जिना चढून माळ्यावरचा डबा काढला. वर बघून पंखा पुसला. गाडीत बसून (गाडी बंदच, त्या दिवशी चालवायची नसते) मागे वळून पाहिलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा मला मागची काच दिसली. तीन तासांनी अंगठा परत रोवला गेला, पण मला त्याचं वाईट वाटलं नाही. चोर सापडला होता.

डॉक्टरीणबाई मात्र खूश झाल्या नाहीत. म्हणाल्या, आणखी एकदा करायचं, वेगळ्या औषधानं. मानेत एकाच ब्लॉकवर विसंबलं, तर बऱ्याच जणांचा निकाल खोटा बरोबर येतो; १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियात झालेल्या कामात हे प्रमाण २७ टक्के निघालं होतं. सुई टोचली म्हणूनच बरं वाटणारे आपण सगळेच असतो, त्यात काही लबाडी नसते. म्हणून एकदा कमी वेळ टिकणारं लिग्नोकेन, एकदा जास्त वेळ टिकणारं बुपिव्हाकेन. दोन्ही वेळा दुखणं जायला हवं, आणि दुसऱ्या वेळी जास्त वेळ. दुसऱ्या वेळी माझं दुखणं संध्याकाळपर्यंत गेलं होतं.

ब्लॉक हा उपचार नाही, तपास आहे. पुष्कळांना हे कुणी सांगत नाही, आणि ते ‘इंजेक्शन घेतलं, चार तासांत उतरलं, पैसे वाया’ असं म्हणत फिरतात. त्यात स्टेरॉइड मिसळून सांध्यात भरलं तर जास्त टिकेल, असंही काही ठिकाणी सांगतात. १९९४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आलेल्या चाचणीत, मानेला हिसका बसलेल्या पेशंटांच्या सांध्यांत स्टेरॉइड भरून काही जास्तीचा फायदा झाला नव्हता.

दोन्ही ब्लॉक जमल्यावर मग खरा उपचार, रेडिओफ्रीक्वेन्सी. त्याच शिरांपाशी सुई ठेवून तिचं टोक साधारण ८० अंशांपर्यंत मिनिट-दीड मिनिट तापवायचं. शीर भाजली जाते, दुखण्याचा निरोप मेंदूपर्यंत जात नाही. सांधा आहे तसाच राहतो. झीज आहे तिथेच. फक्त तार कापली. आणि ती तार काही महिन्यांत ते वर्षभरात परत उगवते. १९९६ च्या मूळ चाचणीत एकूण २४ पेशंट होते. अर्ध्यांची शीर खरोखर तापवली, अर्ध्यांना नुसती सुई लावली. दुखणं निम्म्यावर परत यायला पहिल्यांना मध्यमानानं २६३ दिवस लागले, दुसऱ्यांना ८. पण तेही अपघातात मानेला हिसका बसलेले लोक होते, ऑपरेशन झालेले नव्हते, आणि चोवीस म्हणजे आपल्या वर्गातली एक बाजूसुद्धा नाही.

माझ्यावर ते २०१९ च्या सुरुवातीला झालं. पहिले दोन आठवडे आधीपेक्षा जास्त दुखलं, उन्हात भाजल्यासारखं. मानेवर तळहाताएवढी जागा बधिर झाली, ती हळूहळू गेली. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी दात घासताना लक्षात आलं, की मी मान वर करून चूळ भरते आहे. दहा महिने बरे गेले. मग परत हळूहळू सुरू झालं, परत केलं. आतापर्यंत तीनदा. दुखणं शून्य कधीच झालेलं नाही. दहापैकी सातचं दोन-तीनवर येतं. दुसरं ऑपरेशन मी केलेलं नाही. पुढेमागे करावं लागलं, तर करीन.

आता एपिड्यूरल. ग्रुपवर सगळे ‘मणक्यात इंजेक्शन’ म्हणतात तेव्हा बहुधा हेच म्हणायचं असतं. मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या जागेत स्टेरॉइड सोडायचं. मला हे आधी एका ठिकाणी सुचवलं होतं. वेदनातज्ज्ञ बाईंनी नको म्हटलं, कारण शिरेची सूज असून हातात कळ जात असेल, तर त्याचा काही आठवडे ते काही महिने उपयोग होऊ शकतो. नुसत्या मानेच्या दुखण्याला त्याचा आधार कच्चा आहे. माझ्या हातात कळ नव्हती.

शिवाय मान म्हणजे कंबर नव्हे. इथे जागा बारीक आणि शेजारी मज्जारज्जू. एप्रिल २०१४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने एपिड्यूरल स्टेरॉइडबद्दल इशारा दिला: क्वचित, पण दृष्टी जाणं, पक्षाघात, लुळेपणा आणि मृत्यूसुद्धा. मानेत बाजूने, शिरेच्या भोकातून सुई घालताना दाणेदार स्टेरॉइड चुकून धमनीत गेलं, तर ते कण मेंदूकडचा किंवा मज्जारज्जूचा रक्तपुरवठा अडवू शकतात. म्हणून त्या वाटेनं दाणेदार स्टेरॉइड नको, असं तज्ज्ञ सांगतात. मागून द्यायचं तर मानेच्या तळाशी, सातव्या मणक्याच्या खाली द्यावं, सहाव्या-सातव्याच्या वर जाऊ नये. आधी एमआरआय बघून तिथे जागा आहे याची खात्री करावी, आणि रंगद्रव्य सोडून सुई बरोबर जागी आहे हे पडद्यावर पाहावं. गाढ झोपवू नये, कारण सुई नको तिथे लागली, तर पेशंटनं ओरडायला हवं. ऑपरेशन समोरून झालं असेल, तर मागची जागा सहसा शाबूत असते. पण मागून हाड काढलेलं असेल, तर तिथे व्रणाची जाळी झालेली असते आणि त्या पातळीवर मागून सुई घालणं टाळतात. म्हणून ऑपरेशनचा कागद सोबत न्या. ‘मानेचं झालं होतं’ एवढं पुरत नाही.

२०१२ मध्ये अमेरिकेत एका औषध तयार करणाऱ्या जागेतून बुरशी लागलेलं स्टेरॉइड बाहेर गेलं. साडेसातशेहून जास्त लोक आजारी पडले, साठाहून जास्त दगावले. सुई बरोबर जागी होती, डॉक्टरही बरोबर होते. तेव्हा औषधाची सीलबंद बाटली समोर फोडा म्हणायला लाजू नका. माझ्याकडे नवी सुई माझ्यासमोर फोडा म्हणणारे पेशंट येतात. मला त्यांचा राग येत नाही.

तिसऱ्या रांगेतला आमचा एक मित्र, नाव घेत नाही, पण तो हसतोय म्हणजे कळलंच, मला गेल्या महिन्यात म्हणाला, ‘दिवाळीत ट्रिपला जायचंय, त्याआधी एक इंजेक्शन मारून घेतो.’ याला २०२२ मध्ये स्टेंट बसलाय, रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या चालू आहेत, आणि शुगर आहे. अरे बाबा, एपिड्यूरलसाठी क्लोपिडोग्रेलसारखी गोळी साधारण आठवडाभर आधी थांबवावी लागते, नाहीतर आत रक्ताची गाठ होऊन मज्जारज्जू दाबला जाऊ शकतो. आणि ती गोळी तुझ्या मनाने थांबवायची नाही, स्टेंट बंद पडेल. तुझे हृदयाचे डॉक्टर आणि इंजेक्शन देणारे डॉक्टर एकमेकांशी बोलल्याशिवाय तू टेबलावर चढायचं नाहीस. स्टेरॉइडने शुगर काही दिवस वर जाते, तेही आधी सांगून ठेव. ट्रिप पुढे ढकल. महाबळेश्वर कुठे पळून जात नाही.

इंजेक्शननंतर ताप आला, मान वाढत्या तीव्रतेने दुखायला लागली, हातापायात नवी कमजोरी आली, तर ‘उद्या बघू’ नाही. त्याच दिवशी रुग्णालय. आणि इन्शुरन्सवाल्यांना आधीच विचारून लेखी घ्या, कारण दोन तासांत घरी सोडतात म्हणून काही कंपन्या नाकारतात. माझं पहिल्या वेळचं नाकारलं होतं, पुढच्या दोन वेळा मंजूर झालं, आणि दोन्ही वेळा अर्ज तोच होता.

दुसरी बाजू सांगितली नाही, तर ते बरोबर होणार नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने एक मार्गदर्शिका छापली. कॅन्सरशी संबंध नसलेल्या, मणक्याच्या जुन्या दुखण्यासाठी एपिड्यूरल, सांध्यातली इंजेक्शनं, रेडिओफ्रीक्वेन्सी, या सगळ्यांच्या विरोधात तिने ठाम शिफारस केली. चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तर खोट्या उपचारापेक्षा फार फरक दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. वेदनातज्ज्ञांच्या संघटनांनी त्यावर हरकत घेतली, की नीट निवडलेले आणि न निवडलेले पेशंट एकाच पातेल्यात टाकल्यावर सरासरी अशीच येणार. मी ते दोन्ही वाचलं. माझ्या डॉक्टरीणबाईंशी त्यावर तासभर बोलले. त्या म्हणाल्या, ‘तुमचे दोन ब्लॉक मी पाहिले नसते, तर मीही तुम्हाला रेडिओफ्रीक्वेन्सी दिली नसती.’ माझ्या एका मानेवरून मी तुम्हाला काहीच सिद्ध करून दाखवू शकत नाही. पण कुणी तपास न करता, पहिल्याच भेटीत, तीन इंजेक्शनांचं पॅकेज सांगितलं, तर तिथून उठा, एवढं मी नक्की म्हणेन.

या बऱ्या महिन्यांचं मी काय करते, असं मघाशी जेवताना एकीनं विचारलं. पहिल्या वेळी फिजिओथेरपिस्टने बजावलं होतं, की दुखणं कमी असतानाच मानेचे आतले स्नायू कामाला लावायचे. तेव्हापासून रोज सकाळी पंधरा मिनिटं, हनुवटी किंचित आत घेऊन करायचे व्यायाम. दिसायला इतके क्षुल्लक असतात, की नवरा अजून विचारतो, ‘सुरू केलेस का?’ दवाखान्यात मी भिंगाचा चष्मा घेतला, त्यानं मान फार वाकवावी लागत नाही. दुपारनंतर पेशंट घेत नाही. अक्कलदाढा काढणं पूर्ण बंद केलं, माझी ज्युनिअर काढते, आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा चांगल्या काढते. खुर्चीचं कर्ज २०२१ मध्ये फिटलं.

आता प्रश्नांच्या चिठ्ठ्या आल्या आहेत, त्यातल्या तिघांनी उशीबद्दल विचारलंय. कुठलीही घ्या, जिच्यावर झोप लागते ती. एकाने विचारलंय, मान मोडून घेतली तर चालेल का, न्हाव्याकडे? ऑपरेशन झालेल्यांनी तर मुळीच नाही, आणि बाकीच्यांनीही नको, मानेतल्या धमनीला इजा होऊ शकते. एका चिठ्ठीत नाव नाही, पण अक्षर मी ओळखलं, आठवीपासून ते तसंच आहे: ‘माझं ऑपरेशन मार्चमध्ये झालं, अजून दुखतंय, घरात कुणाला सांगितलं नाहीये.’ तिला माझा नंबर माहीत आहे. पण तिने आज संध्याकाळीच, परतीची गाडी पकडायच्या आधी, माझ्याकडे यावं. एमआरआय मोबाईलमध्ये असेल तर तो, नसेल तर नुसतं बोट ठेवून दाखवलं तरी चालेल.

चहा आलाय असं मागून खुणावतायत. थांबते.